भिजवलेले झाकण आणि दुधाचा पेला

मित्रांनो, मी एक जुने, लांब दांड्याचे इनॅमलचे पातेले आहे. कडेचे टवके उडाले आहेत, पण तळ अजून शाबूत आहे. ओतारू शहराच्या बंदराजवळ मिसाओबाईंच्या कॉफीच्या दुकानात माझी हयात गेली. माझ्यात फक्त चॉकलेटचा सॉस व्हायचा. मंद आचेवर चॉकलेट वितळवायचे, मग गरम दूध घालून घोटायचे. तो सॉस पुडिंगवर पडला की गिऱ्हाइकांनी बशी चाटायचीच काय ती बाकी राही. "बाई, आज हात आखडू नका हो!" असे कोणी म्हणाले की मी उगाच फुशारून जाई.

मागच्या हिवाळ्यात बाईंना पक्षाघात झाला. वाचा गेली, उजवा हात गेला. दुकान बंद झाले. हळूहळू त्यांनी खाणेही टाकले.

काल त्यांचे यजमान इसाकू यांनी मला गॅसवर चढवले. जन्मभर बोटीवर मासे शिजवलेला माणूस! समोर टेबलाशी बसलेल्या बाईंना ते म्हणाले, "आज तुझ्या पुडिंगवर तुझाच सॉस. बघतो कशी तोंड मिटून बसतेस ते."

चॉकलेट छान वितळले. तेवढ्यात त्यांनी लहानसे लाकडी झाकण पाण्यात बुडवले आणि रश्शात शिजणाऱ्या मासळीवर दाबून ठेवतात तसे थेट चॉकलेटवर ठेवले. अहो, वितळलेल्या चॉकलेटला थेंबभर पाणी सोसत नाही! बघता बघता त्याचे खरखरीत ढेकूळ झाले. भरपूर गरम दूध ओतले असते, तर ते पुन्हा सुटले असते. हे मला ठाऊक होते आणि बाईंना ठाऊक होते. पण मला तोंड नाही, आणि त्यांना वाचा नाही.

बाईंनी डाव्या हाताने आपल्यासमोरचा वाफाळता दुधाचा पेला पुढे सरकवला. माझ्याकडे बघत पुन्हा सरकवला. थोडे दूध सांडलेही.

इसाकू हसले. "मी आधी पिऊ म्हणतेस? लग्नापासून तुझं हेच. स्वतः उपाशी आणि काळजी माझी!" त्यांनी फुंकर घालत घालत पेला रिकामा केला.

बाईंनी डोळे मिटले. पुडिंग तसेच राहिले.

"पातेलंच म्हातारं झालंय गं, आपल्यासारखं," असे म्हणून इसाकूंनी मला पिशवीत घातले. आता मी दाराबाहेर कचऱ्याच्या गाडीची वाट बघत आहे. मला टाकले याचे वाईट वाटते, नाही कसे! पण आतून चमच्याचा आवाज येतो का, याकडेच माझे सारे लक्ष आहे. अजून आलेला नाही.

मित्रांनो, भांडी घासूनपुसून ठेवा, ते तर हवेच. पण बोलता न येणाऱ्या माणसाने काही पुढे सरकवले, तर घाई करू नका. त्याची नजर कुठे आहे, तेवढे एकदा बघा.