माझी कोरी पाठ

मी पुठ्ठ्याचा एक तुकडा बोलतोय. तळहातात मावेन एवढाच. पोटावर रादामेस लांतिगुआचा फोटो, डाव्या हाताने चेंडू फेकताना जीभ बाहेर काढलेला. पाठीवर त्याची उंची, वजन आणि मुंगीएवढे आकडे. बेसबॉलचा खेळाडू मोठ्या संघात पहिल्यांदा उतरला की त्या वर्षी त्याचं पहिलं कार्ड निघतं, तो मी. माझ्यासाठी माणसं जीव टाकतात. पुढच्या वर्षी तोच खेळाडू, तोच हात, तीच जीभ, पण त्या कार्डाला कुणी विचारत नाही. ही अक्कल कुठे विकत मिळते, मला अजून कळलेलं नाही.

माझी बहुतेक भावंडं पाकिटांत बंद होऊन दुकानांत गेली. तिथे पोट सुटलेले बाप्ये पहाटेपासून दाराशी उभे राहतात आणि दार उघडलं की एकमेकांना कोपरं मारत आत घुसतात. माझं नशीब बरं. कार्डं छापणाऱ्या कंपनीने रादामेसला त्याचीच थोडी कार्डं भेट दिली, त्यातलं सगळ्यात वरचं मी होतो. त्याने मला पालथं टाकलं आणि निळ्या बॉलपेनने, दाबून दाबून, आकड्यांवरच लिहिलं: ‘माझ्या इथल्या आईला. अंडी फार छान होती. माझी खोली कुणाला देऊ नकोस. रादा.’

इथली आई म्हणजे वर्ना हूकस्ट्रा. अमेरिकेत, आयोवातल्या तिच्या गावात छोटा संघ आहे, मोठ्या संघात जाण्याआधी पोरं तिथे खेळतात. त्या पोरांना पगार बेताचा, म्हणून गावातली घरं त्यांना ठेवून घेतात. रादा दोन उन्हाळे वर्नाच्या वरच्या खोलीत राहिला. ही सत्तरीची विधवा त्याला रोज सकाळी चार अंडी करून घालायची आणि संध्याकाळी मैदानावर पंचाला अशा शिव्या हासडायची, की चर्चची मंडळी लांबच्या बाकावर जाऊन बसत. त्याला तिची भाषा धड येत नव्हती, तिला त्याची मुळीच नाही. दोघांचं झकास जमलं होतं.

तिने मला मक्याच्या कणसाच्या आकाराच्या लोहचुंबकाखाली फ्रीजवर लावलं. दूध काढताना मला उचलायची, उलटं करून वाचायची, परत लावायची. माझ्यावर लोण्याची बोटं उमटली. मला ती आवडायची.

मग आला क्लेटन, तिचा मुलगा. हा विमे विकतो आणि कार्डं जमवतो. अख्खा सामना त्याने जन्मात पाहिलेला नाही, म्हणतो, फार लांबतो. पण पांढरे हातमोजे घालून पुठ्ठ्याचे कोपरे तासन्‌तास बघतो. त्या उन्हाळ्यात रादा सामन्यामागून सामने जिंकत होता. मला फ्रीजवर पाहून क्लेटनचा चेहराच उतरला.

“आई, अगं, हे चुंबकाखाली? तुला कळतंय का हे काय आहे?”

“रादाची चिठ्ठी आहे,” वर्ना म्हणाली.

त्याने तिला गोड बोलून पटवलं. एका कंपनीकडे पाठवतो, ते भिंगाखाली तपासून दहापैकी गुण देतात, कडक प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करतात, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचा सण असतो, तोवर परत आणतो. तिने एकच विचारलं, लिहिलेलं नीट राहील ना? तो म्हणाला, हो गं.

घरी नेऊन त्याने कापूस स्पिरिटमध्ये बुडवला आणि माझी पाठ पुसायला घेतली. कारण कार्डं जमवणाऱ्यांच्या जातकुळीत, खेळाडूच्याच हातची असल्याचा दाखला नसलेली शाई म्हणजे डाग. आईला कुणी खोली राखायला सांगितली होती, हा डाग. तो शीळ घालत पुसत होता. अक्षरं गेली, अर्धे आकडेही गेले.

गुण देणाऱ्या कंपनीने मला तसंच परत धाडलं. कार्डाशी छेडछाड, गुण नाहीत. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय? क्लेटनने मला गाडीच्या कप्प्यात, केचपच्या पुड्यांत कोंबलं.

इकडे सप्टेंबरात रादाचा खांदा निखळला. संघाने त्याला सोडलं. बाजारात त्याच्या कार्डांचा भाव पडला आणि क्लेटनला दुसरं एक विकत घ्यायला सोपं गेलं.

थँक्सगिव्हिंगला रादा वर्नाकडे आला, मायदेशी परतण्याआधी. वरच्या खोलीत त्याचीच चादर होती. टर्कीचे तुकडे वाढून होतात तोच क्लेटनने खिशातून चकचकीत पेटी काढून आईपुढे ठेवली. आत माझंच भावंड, कुणाचंही बोट न लागलेलं. दहापैकी दहा.

वर्नाने चष्मा लावला आणि पेटी उलटी केली.

“हे माझं नाही.”

“आई, हे दहाचं आहे. तुझ्याला सहासुद्धा मिळाले नसते.”

“माझं कुठे आहे?”

तो गाडीतून मला घेऊन आला, नाइलाजाने, केचप पुसत. वर्नाने मला पालथं केलं, खिडकीशी नेलं, तिरकं धरलं. पेनाचा दाब पुठ्ठ्यात उरला असेल असं मला वाटलं होतं. त्या गाढवाने तोही घासून सपाट केला होता.

रादाने डावा हात उचलायला घेतला, म्हणाला, दे, परत लिहितो. तो हात टेबलाच्या वर येईना. वर्नाने तो हलकेच त्याच्या मांडीवर ठेवला.

“राहू दे, बाळा. मला पाठ आहे.”

क्लेटन पुटपुटला, शेवटी पुठ्ठाच तर आहे. आयुष्यात तो एकदाच खरं बोलला, आणि तेही नको तिथे.

आता मी पुन्हा फ्रीजवर आहे, कणसाखाली. पण वर्नाने मला उलटं लावलंय. रादाचा चेहरा फ्रीजच्या दाराकडे, माझी कोरी पाठ स्वयंपाकघराकडे. दहापैकी दहा तिने क्लेटनला परत दिलं. रविवारी तो जेवायला येतो, दूध काढायला फ्रीजशी जातो आणि खाली बघतो. मला सरळ करायची त्याची अजून छाती झालेली नाही.

वाचकांनो, तुमच्या घरात आपल्या माणसाच्या लिहिण्या-हाताळण्याने खराब झालेली एखादी वस्तू असेल, तर ती खराबच राहू द्या. गुण देणारे पुष्कळ भेटतात. वरच्या खोलीत चादर मात्र अजून रादाचीच आहे.