आईचे बारा महिने

धाकटी संगणकशास्त्रात खेळांचा सिद्धांत शिकत होती. समोरचा काय करेल हे ताडून माणूस कसा वागतो, आणि त्याला सरळ वागायला लावणारे नियम प्रोग्रॅममध्ये कसे बसवायचे, हा तिचा विषय. एवढं शिकलीस, पण घराला उपयोग काय, असं सगळे चिडवायचे. बाबा गेल्यावर तो उपयोग निघाला.

आईला एकटं ठेवायचं नाही, यावर तिघा भावंडांचं एकमत होतं. कुणाकडे कधी, यावर मात्र दादा आणि ताई 'तुझ्या सोयीनं ठरव' म्हणत आपलंच घोडं पुढे दामटत होते. धाकटीने वर्षाचे तीन भाग पाडले. प्रत्येकाने पसंती गुपचूप कळवायची, प्रोग्रॅम सोडत काढून क्रम लावणार, आणि ज्याची पाळी येईल त्याला उरलेल्यातला सर्वांत आवडता भाग. यात खोटं बोलून कुणाचंच भलं होत नाही, हे तिने रीतसर सिद्धही केलं होतं.

निकालात थंडीचे चार महिने धाकटीला मिळाले. तेच तिला हवे होते. भाड्याच्या खोलीवर परतताना, आई आत असल्याने, खिडकीत उजेड दिसेल, या विचारानेच ती सुखावली.

आई आपल्या घरी मटार सोलत बसली होती. धाकटीने मोठ्या हौसेने लॅपटॉप तिच्यापुढे धरला. आईने चष्मा चढवून सगळं नीट पाहिलं.

"ही तुमची तिघांची नावं. यात मी कुठे आहे गं?"

धाकटीने बोट ठेवलं आणि तिथेच ती थबकली. 'खेळाडू' या मथळ्याखाली तिघं भावंडं होती. आई 'वाटायच्या वस्तू'खाली होती, तीन तुकड्यांत.

"असू दे," आई हसून म्हणाली, "चेंडूला कुठे कोण विचारतं, कुणाकडे जातोस म्हणून."

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सिद्धतेत काही खोट नव्हती, मांडणीच चुकली होती. तिने आईला चौथी खेळाडू केलं आणि पसंती विचारली.

"मला इथेच राहायचंय," आई म्हणाली. "तुम्ही या की, आपापल्या महिन्यांत."

म्हणजे खोलीच्या खिडकीतला तो उजेड गेला. धाकटीला रडू आलं, ते तिने लपवलंही नाही. मग डोळे पुसून तिने दादाला फोन लावला. वाटणी तीच राहील, फक्त आई जागची हलणार नाही, हलायचं ते आपण, असं तिने सांगितलं.

दादाने उलट विचारलं,

"तू आईला आधी विचारलं नव्हतंस?"

"नाही," धाकटी म्हणाली. "तू विचारलं होतंस?"