मुलाकडची पेटी, मुलीकडची पेटी

आमच्या घरचा रेडिओ नऊ महिने मुका होता, आणि माझे बाबा म्हणजे रेडिओ दुरुस्त करण्यात तीस वर्षं घालवलेला माणूस. झालं असं, की परदेशातून येणारे स्पीकर यायचे बंद झाले आणि एका गिऱ्हाइकाचं रडवेलं तोंड बघून बाबांनी घरच्या रेडिओतला स्पीकर काढून त्याला बसवून दिला. "नवीन येईलच की," म्हणाले. नव्यासाठी तीन पानी अर्ज भरला. सहा महिन्यांनी एक कार्ड आलं: आपला अर्ज विचाराधीन आहे. ते त्यांनी दुकानात खिळ्याला टांगलं. कुणी स्पीकर मागितला की नुसतं कार्डाकडे बोट दाखवायचे.

आई मात्र त्या रेडिओविना सुकली. तिला कानांनी कमी ऐकू येतं. रेडिओ बोलता होता तेव्हा ती त्याच्या लाकडावर तळवा ठेवून बसायची, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. गाणं तिला हाताने कळायचं. "आज वाजवणारा घाईत आहे," म्हणायची, आणि तो खरंच घाईत असायचा.

अशात माझ्या बायकोचं गाणं रेडिओवर लागायचं ठरलं. पाच मिनिटं, रविवारी सकाळी अकराला. रेकॉर्डिंग आधीच झालं होतं. तिने एवढंच मागितलं, "माझी आई आणि तुम्ही सगळे एका खोलीत बसून ऐका. शेजारच्यांच्या खिडकीखाली उभं राहून नको." लग्नाला दोन वर्षं झाली, पण हिने तोंड उघडून काही मागितल्याची ही पहिलीच वेळ. बाबांनी त्या दिवशी कार्ड खिळ्यावरून काढलं आणि त्याच्या पाठीवर स्पीकरचं चित्र काढायला बसले.

हिची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्या दुकानासमोरच पंख्यांच्या मोटारी भरून देतात. जळकी तार सोलून काढायची आणि केसासारखी बारीक तांब्याची तार वेढ्याला वेढा चिकटवत नव्याने भरायची. तार त्यांच्या हातात पाळलेल्या मांजरासारखी वागते. हात मात्र डावा. कात्री धरण्यापासून जावयाचा कान धरण्यापर्यंत त्यांचं सगळं डाव्या हाताने चालतं.

"स्पीकर म्हणजे काय हो शेवटी," बाबा त्यांना म्हणाले. "एक चुंबक, एक कागद आणि मधे नाचणारं तारेचं वेटोळं."

"वेटोळं मी करते."

"छे छे. विहीणबाई, तुम्हाला कशाला त्रास."

"त्रास कसला. मुलीचं गाणं आहे."

"सुनेचंही आहे."

"हो, पण आधी मुलीचं."

इथे दोघेही हसले, आणि ते हसणं मला अजिबात आवडलं नाही. शेवटी ठरलं की दोन स्पीकर बनवायचे. एक मुलाकडचा, एक मुलीकडचा. जे आम्ही देऊ ते तुम्ही द्यायचं, रतीभर कमी नाही की जास्त नाही.

मग सामानाची शोधाशोध सुरू झाली. बंद पडलेल्या सिनेमा थिएटरच्या भंगारात दोन सारखी चुंबकं मिळाली. सिमेंटच्या पिशवीचा कागद डिंकात भिजवून नरसाळ्यावर वाळवला, त्याचे दोन कोन झाले. कोनाच्या कडेला छत्रीचं कापड. तार गुंडाळायला पातळ, न वाकणारी नळी हवी होती. बाबांची नजर घरभर फिरली आणि आईच्या गुडघ्याच्या एक्स-रेवर थांबली; त्याची फिल्म कापून गुंडाळली की झाली नळी. आईला खुणेने विचारलं. ती म्हणाली, "न्या. एरवी तो गुडघा दुखण्यापलीकडे काही करत नाही, जरा नाचू दे." पेट्यांना चांगलं लाकूड कुठून आणायचं, तर बाबांनी आमच्या कपाटाचं दार काढलं. सासूबाईंनी ते ऐकलं मात्र, तासाभरात त्यांच्याही कपाटाचं दार आलं, बिजागऱ्यांसकट. बिजागऱ्या जास्तीच्या झाल्या म्हणून बाबा दिवसभर बेचैन होते.

गुरुवारी आमच्या दुकानात दोघे वेटोळी गुंडाळायला बसले. समोरासमोर बसलं तर एकमेकांच्या कामावर नजर ठेवल्यासारखं दिसेल, म्हणून पाठीला पाठ करून बसले. दोघांना सत्तर वेढे. तार सुरू होते तिथे ओळखीसाठी लाल दोरा बांधायचा, हेही ठरलेलं. मधूनच बाबा विचारायचे, "कसं चाललंय?" तिकडून उत्तर यायचं, "तुमचं होऊ द्या सावकाश."

शुक्रवारी मुलाकडची पेटी वाजली. बाबांनी डोळे पुसले आणि लाकडाचा भुसा गेला म्हणाले. शनिवारी मुलीकडची वाजली. त्या वेळी बाबांची पेटी पॉलिश लावून गच्चीवर वाळत होती. सासूबाईंचे डोळे कोरडे होते, पण त्यांनी एकाच बातमीपत्रावर तीन वेळा मान डोलावली. दोन्ही पेट्यांचा आवाज असा, की निवेदकाने घसा साफ केला तरी आपण पाणी आणायला उठावं.

रविवारी साडेदहाला आम्ही पाचजण बाहेरच्या खोलीत जमलो. टेबलावर रेडिओ, दोन बाजूंना हातभर अंतरावर दोन पेट्या. समोर खुर्च्या. बाबांनी लाल दोऱ्याला लाल दोरा जोडला, साध्याला साधा, आणि बटण फिरवलं.

आवाज आला, पण तो कुठून तरी लांबून आला. पत्र्याच्या डब्यात माशी अडकावी तसा. खाली ना जमीन, वर ना छप्पर. कुणी पुरुष बातम्या देत होता, त्याची छातीच कुणी काढून घेतलेली.

मग बाबांनी अदबीने मुलीकडच्या पेटीची तार काढली. मुलाकडची एकटी घुमली, भरलेल्या रांजणासारखी.

"तुमच्या पेटीत काही दोष असेल असं मी म्हणणारच नाही," बाबा म्हणाले.

"नकाच म्हणू," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी स्वतःची जोडली आणि बाबांची काढली. तीही तशीच घुमली. "तुमच्या पेटीत तरी कशाला असेल?"

"नसेलच."

"असला तरी मी बोलणार नाही."

पुन्हा दोन्ही जोडल्या. पुन्हा माशी. अकराला वीस मिनिटं होती. मी म्हणालो, "मग एकच लावू." आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्या, पण इतक्या थोड्या शब्दांत कधी नाही.

"तुमचीच लावा," बाबा म्हणाले.

"नको, तुमचीच. तुमचं घर."

"घर कसलं, गाणं तुमच्या मुलीचं."

"आता सुनेचं म्हणा ना," सासूबाई म्हणाल्या, आणि पदराने पेटीवरची नसलेली धूळ पुसू लागल्या.

बायको उठली. "एकच लागणार असेल तर मी आत जाते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. पण दाराशी जाऊन ती अशी उभी राहिली, की आत जावं की बाहेर हे तिलाच कळेना. दोन वर्षांत मी तिला त्या दारात कितीदा तसं उभं पाहिलं होतं, आणि दर वेळी मला वाटलं होतं की वारा खात असेल.

बाबांनी घाईघाईने टॉर्चमधला सेल काढला. दोन तारांना सेल टेकवला की स्पीकर जिवंत असेल तर टक् करतो. दोन्ही पेट्या जोडलेल्याच होत्या. त्यांनी सेल टेकवला, टक् झालं. पुन्हा टेकवला, पुन्हा टक्. "दोन्ही जिवंत आहेत," ते हताशपणे म्हणाले, जसं काही एखादा मेलेला बरा होता.

तोवर आई पुढे सरकली होती. आपल्याला कुणी काही सांगत नाही, तर आपणच बघावं, असा तिचा नेहमीचा चेहरा. तिने एक तळवा एका कोनावर ठेवला, दुसरा दुसऱ्यावर. "परत करा," म्हणाली.

टक्.

"परत."

टक्.

"हा माझ्या हाताला ढकलतो," आई म्हणाली, "तेव्हा ही हात सोडून आत पळते. एक म्हणतो या, एक म्हणते जाते. मग गाणं बसेल कुठे?"

बाबांचा सेलवाला हात हवेतच राहिला. त्यांनी सासूबाईंच्या डाव्या हाताकडे पाहिलं. सासूबाईंनी बाबांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. वेढे सत्तरच, दोराही लालच, पण एकाची तार डावीकडून फिरलेली, एकाची उजवीकडून. पाठीला पाठ लावून बसलेल्यांना दिसणार कसं? आता एका पेटीची लाल दोऱ्याची तार साध्या तारेला लावायची खोटी, की काम झालं.

"उलटं माझंच असणार," बाबा म्हणाले.

"काहीतरीच. डावरी मी. उलटं माझंच."

"नाही, नाही, विहीणबाई."

आणि अकराला चार मिनिटं असताना दोघेही एकदमच आपापल्या पेटीमागे वाकले. दोघांनीही मोठ्या मनाने आपापल्या तारांची अदलाबदल केली. दोघेही समाधानाने उठले. बटण फिरवलं.

माशी.

आईने कोनांवर हात ठेवले आणि मान हलवली. "आता हा पळतो, ती ढकलते."

बायको दारातून पुढे आली. "बाबा, हात मागे घ्या. आई, तू पण," ती सासूबाईंकडे बघत म्हणाली. "दोघांनी भिंतीकडे तोंड करा." अकराला एक मिनिट होतं. बाबांनी तीस वर्षांत कुणाच्या सांगण्यावरून रेडिओवरचा हात काढला नव्हता. तो त्यांनी काढला. ती पेट्यांमागे वाकली, क्षणभर काहीतरी केलं आणि बाजूला झाली.

निवेदिकेने तिचं नाव घेतलं, आणि आवाज उभा राहिला.

उभा राहिला म्हणजे खरोखरच. ना मुलाच्या पेटीतून, ना मुलीच्या. दोन्हींच्या बरोबर मधोमध, टेबलावर आम्ही काहीच ठेवलं नव्हतं तिथून थोडा वर, माणूस उभा असावा एवढ्या उंचीवर.

माहेर एका तीरी, सासर दुसऱ्या तीरी,
नाव माझी मधोमध, तिला दोन्हीकडे दोरी.

बाबा आणि सासूबाई भिंतीकडे तोंड करूनच ऐकत होते. वळा म्हणून त्यांना सांगायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि त्यांच्याही नाही. ही माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती, पाय वर घेऊन, आपल्या घरी बसतात तशी. आईचे दोन्ही तळवे पेट्यांवर होते.

गाणं संपल्यावर आधी सासूबाईंनी आणि मग बाबांनी चहाचं निमित्त करून पेट्यांमागे डोकावून पाहिलं. कुणाची तार बदलली होती ते कळलं असतं, पण लाल दोरे दोन्ही पेट्यांवरून गायब होते. हिला विचारलं तर म्हणाली, "कसले दोरे?" हाताने तिने पदराचं टोक घट्ट धरलेलं होतं.

आईला मी कानाजवळ जाऊन मोठ्याने विचारलं, "कसं वाटलं गाणं?"

"वाजवणारा आज अजिबात घाईत नव्हता," ती म्हणाली. मग तळवे एकमेकांवर चोळत म्हणाली, "आणि दोन्ही हातांना सारखं लागलं."