डॉक्टरांचं आडनाव

त्यांच्या लोकांत आडनाव ही भानगडच नव्हती. पोराचं नाव, पुढे बापाचं, त्याच्यापुढे आजोबांचं, की झालं नाव पुरं. पण आमचे डॉक्टर पडले शहाणे! दातांचा दवाखाना थाटताना त्यांनी बापाला नि आजोबांना एका फटक्यात उडवलं आणि जुन्या टेलिफोन डिरेक्टरीतून एक छोटंसं, ऐटबाज आडनाव उचललं. पाटीवरही नुसतं 'डॉक्टर' नि ते आडनाव; पेशंटांना म्हणे उच्चारायला सोपं. घरी मात्र त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

आणि एके दिवशी सकाळी अकराला, न कळवता, बाप दवाखान्यात हजर.

डॉक्टर आत एका बड्या वकीलसाहेबांची दाढ भरत होते. मधलं दार उघडंच होतं. बाहेर म्हातारा काउंटरवरच्या बाईंना समजावत होता, "अहो ताई, इथल्या डॉक्टरच्या नावात माझं नाव असेल बघा. त्याच्यापुढे माझ्या वडिलांचं."

"असे कोणी डॉक्टर नाहीत हो काका इथे." बाईंनी आत डोकावून विचारलं, "डॉक्टर, तुमच्या ओळखीचं आहे का कोणी या नावाचं?"

हो म्हणावं, तर आडनावाचं सोंग वकीलसाहेबांसमोर उघडं पडणार. नुसतं "बाबा" म्हणायचं होतं हो! तेवढंही जमलं नाही मेल्याला.

"नाही बुवा," ते म्हणाले. "पत्ता चुकलाय त्यांचा."

पोराचा आवाज बापाला कळणार नाही होय?

"बसा काका, पाणी घ्या," बाई म्हणाल्या. "शोधत कोणी आलंच, तर सांगेन. नाव लिहून ठेवते तुमचं."

म्हाताऱ्यानं नाव सांगितलं.

"आणि आडनाव?"

"डॉक्टरांचं काय आहे?"

बाईंनी सांगितलं. म्हाताऱ्यानं ते दोनदा पुटपुटून पाहिलं. जीभ अडखळत होती.

"मग माझंही तेच लिहा," तो म्हणाला.

डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातमोजे ओरबाडून काढत ते बाहेर आले. बाई हसत होत्या, "बघा ना डॉक्टर, काकांचं आडनाव तुमचंच निघालं!"

बाप खुर्चीतून उठून उभा राहिला, मोठ्या साहेबासमोर राहतात तसा.

"बाबा..." डॉक्टर पुढे झाले.

"हळू बोला, डॉक्टर," बाप घाईघाईनं कुजबुजला. "आत पेशंट आहेत तुमचे."

जन्मात पहिल्यांदाच तो पोराला अहो-जाहो करत होता.