एक सण, एक लगीन

आकडा होता, केसांना लावायचा, साधा काळा, आणि त्याचा गंज दोन्ही पानांवर उतरून तिथं एक लांबट तपकिरी डाग पडला होता. कुणा बाईनं वाचता वाचता केसांतून काढून खूण म्हणून ठेवला असेल, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली असेल, आणि मग… मग ती या पानावर परत आलीच नसेल. सुलेखानं तो नखानं उचलून पाहिला आणि होता तिथंच ठेवून दिला. त्या पानावर नायक नायिकेला स्टेशनवर सोडायला आला होता, आणि दोघंही गाडी सुटेपर्यंत काही बोलणार नाहीत हे उघड दिसत होतं. हे नको. आईला रेल्वे स्टेशनं चालत नाहीत. "नुसतं जाणं-येणं," ती म्हणायची, "घर कवा व्हायचं मग त्यांचं?" म्हणजे बोलायची तेव्हा म्हणायची.

गुलमंडीच्या मागच्या बोळात, खाली कापडाचं दुकान आणि वर हे वाचनालय. जिना चढताना नव्या कापडाचा वास अर्ध्यापर्यंत सोबत येतो, मग तो सुटतो आणि जुन्या कागदाचा लागतो. आजपासून शाळेला नाताळची सुट्टी. सकाळी मुलांनी कागदी तारे लावलेल्या वर्गाला कुलूप लागलं आणि सुलेखा घरी न जाता सरळ इथं आली. निवृत्तीला दीड वर्ष उरलेल्या बाईनं प्रेमाच्या कादंबऱ्या उलटसुलट करत उभं राहावं… बघणाऱ्याला काय वाटायचं ते वाटो.

"मॅडम, तुम्हाला प्रेमाचं पायजे का संसाराचं?" वाचनालयाचे बद्रीनाथ स्टुलावरून म्हणाले. "दोन्ही एकात भेटत नाय."

"दोन्ही पाहिजे. वर सणही पाहिजे एखादा. आणि शेवटी लग्न झालंच पाहिजे."

"लई अटी हायेत तुमच्या. लेकीसाठी का?"

"आईसाठी. वाचून दाखवायचंय."

बद्रीनाथ हसले नाहीत, हे बरं झालं. अटी माझ्या नाहीत, असं त्यांना सांगायला हवं होतं. त्या आईच्या, आणि पन्नास वर्षं जुन्या. एक सण, एक लगीन. बाबा कॉलेजच्या ग्रंथालयात शिपाई होते आणि नाताळात ग्रंथालय आठवडाभर बंद राहायचं, तेव्हा जाताना एकदम दोन पुस्तकं घरी नेण्याची मुभा त्यांना होती. वर्षभर ते स्वतःसाठी जाडजूड, विचारांची पुस्तकं आणत. पण नाताळातली ही दोन आईची. तिला अक्षर येत नव्हतं. सुट्टी लागायच्या आदल्या सकाळी ती डबा हातात देताना बजावायची, "बघून आणा. एक सण पायजे अन् एक लगीन पायजे. मागल्या वेळंसारखं मरणाबिरणाचं नको." आणि संध्याकाळी जेवणं आटोपली की भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बाबा मांडी घालून बसायचे, आई तुरीच्या शेंगा सोलायला घ्यायची, आणि मी, सात-आठ वर्षांची, तिच्या पाठीला पाठ लावून, म्हणजे तिच्या हसण्याचा हादरा मला आधी कळायचा…

यंदा पावसाळ्यात बाबा गेले. तेव्हापासून आई जेवते, झोपते, विचारलं तर व्हय-नाय करते. डॉक्टर म्हणाले, वय आहे. शेजारणी म्हणाल्या, होईल हळूहळू. सुलेखाला मात्र रोज शाळेतून आल्यावर आईकडे बघून वाटायचं की हीसुद्धा निघाली आहे, फक्त कुणाला सांगत नाही. आणि काल, चहाचा कप खाली ठेवताना, ध्यानीमनी नसताना: "सुले, सुट्टी लागली का? मग यंदा ते होडीचं आण. ज्यात ती पांढरी साडी नेसती. तुझ्या बापानं लई गोड वाचलं व्हतं." चार महिन्यांत आईनं मागितलेली ही पहिली गोष्ट. सुलेखा मोरीत जाऊन रडली होती, नळ सोडून.

होडीचं. मुखपृष्ठावर होडी होती, आत समुद्र होता, नलू होती आणि माधव होता. नाव आठवत नव्हतं. त्या पुस्तकाशी तिचं जुनं भांडण होतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी कट्ट्यावर कादंबऱ्यांचा विषय निघाला आणि तिनं मोठ्या उत्साहानं सांगितलं, की कोकणातल्या त्या कादंबरीत नलू-माधवचं लग्न काय सुंदर आहे, निळ्या काठाची पांढरी साडी, वऱ्हाड फर्दापूरला उतरतं, तिथं सगळे चहा पितात… निशा, तिची मैत्रीण, आधी बघतच राहिली. "लग्नात पांढरी? अगं, नवरा मेला होता का तिचा? आणि कोकणात आपल्याकडचं फर्दापूर कुठून आलं?" निशानं ती कादंबरी वाचलेली नव्हती, पण हसायला तिला तेवढी गरज पडली नाही. सगळेच हसले. आमच्याकडं नवरी पांढरीच नेसते, हे तेव्हा म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. लहानपणी आपण दोन-तीन गोष्टींची खिचडी केली असणार, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. पुस्तक काढून बघायचं तर ते बाबांकडेच मागावं लागलं असतं, आणि का हवं ते सांगावं लागलं असतं. तेव्हापासून कादंबऱ्या बंद. मराठीची शिक्षिका झाली, तरी कादंबरी म्हटलं की कान गरम व्हायचे.

"होडीवालं, नलू-माधवाचं?" बद्रीनाथांनी वरच्या फळीत हात घातला. "हाय की. पण ते नका नेऊ, मॅडम. रडकं हाय. लगीन कुठं होतं त्यात?"

"होतं."

"मी वाचलंय ना."

"होतं लग्न," सुलेखा म्हणाली, आणि आपला आवाज चढलेला ऐकून तीच दचकली. पुस्तक घेऊन ती खिडकीजवळच्या बाकावर बसली.

होडी तीच. उजव्या कोपऱ्यात वाकलेलं माडाचं झाडही. तिनं मागून सुरुवात केली, लग्न मागेच असणार म्हणून… शेवटच्या पानावर नलू एकटीच बंधाऱ्यावर बसली होती आणि केस पांढरे झाले होते. त्याआधीच्या प्रकरणात माधव मामाच्या शब्दाखातर मुंबईच्या मुलीशी लग्न करून मोकळा झाला होता, तेही एका वाक्यात. ती आणखी मागे गेली. जयंतीची मिरवणूक शोधत गेली, कारण पहिल्यांदा माधव नलूला बघतो ते चौदा एप्रिलला, समुद्राच्या वाळूत निळे झेंडे रोवलेले असतात आणि लेझीम चाललेली असते. हे तिला इतकं लख्ख दिसत होतं की वाळूवर उमटलेले लेझीमवाल्यांचे पायसुद्धा… तिथं गणपती होते. आरती होती, उकडीचे मोदक होते, आणि माधव नलूला बघतो ते ती तबक घेऊन आत जाताना. पांढरी साडी कुठंच नव्हती. फर्दापूर तर नव्हतंच, कसं असेल?

फसवलं! पहिलं आलं ते हेच. बाबांनी, ज्यांनी आयुष्यात कुणाची खोटी साक्ष दिली नाही, घरात एक खोटा शब्द चालू दिला नाही, त्यांनी वाचायला येत नसलेल्या बायकोला आणि पोरीला समोर बसवून सपशेल… आणि त्यापायी मी कॉलेजच्या कट्ट्यावर हसं करून घेतलं. इतकी वर्षं मी माझ्याच डोक्यावर शंका घेत राहिले, बाबा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचंच होतं.

मग, राग तसाच असताना, तिला तो आठवडा दिसायला लागला. बाबांनी मुखपृष्ठ बघून पुस्तक उचललं असणार, होडी, समुद्र, दोघं जण, म्हणजे लग्न असणारच. घरी आल्यावर चाळलं असेल. सण होता तो आमच्या घरात वर्ज्य, आणि लग्न तर नव्हतंच. ग्रंथालयाला कुलूप. बदलून आणायचं तर ग्रंथपाल साहेब जानेवारीत येणार. आणि समोर आई, सूप घेऊन, वर्षभर थांबलेली. आई धर्मांतराच्या वेळी अकरा वर्षांची, म्हणजे दिवाळीचं उटणं, पहाटेच्या पणत्या हे सगळं अंगाला लागून मग सुटलेलं. सोडलं ते तिनं मनापासून सोडलं, कधी कुरकूर नाही. पण सण ऐकायला मागायची. तिला काय देणार होते ते? अडकले होते बाबा. पार अडकले होते.

आता आठवतं, ते मध्येच थांबायचे. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसायचे. मला वाटायचं शब्द अवघड आहे. एकदम चार-पाच पानं उलटायचे आणि म्हणायचे, चिकटलीत. आणि लग्नाच्या दिवशी… आईच्या लग्नातली पांढरी साडी तिच्या जावेची, संध्याकाळी घडी करून परत दिलेली, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आईचं माहेर फर्दापूर. बाबांचं वऱ्हाड तिथं उतरलं होतं. आणि नलूची साडी नवी होती. घडी मोडली की करकर वाजेल अशी कोरी, निळ्या काठाची. माधवनं स्वतः गुलमंडीतून घेतलेली! कोकणातला माधव, आणि गुलमंडीतून… मी हे ऐकलं होतं आणि मला काहीच वावगं वाटलं नव्हतं. सुलेखा बाकावर बसल्या बसल्या हसली, नाक ओढत.

आणि मग माधव नलूला म्हणाला होता: "तुला मागून आणलेली साडी नेसवली असती तर माझा जीव जन्मभर कळवळला असता." हे वाक्य, शब्द न् शब्द. बाबा आईला नावानं हाक मारत नसत. "ऐकलं का", बस्स, तेवढंच. शेवटच्या आजारपणातसुद्धा तेवढंच. सबंध आयुष्यात ते बायकोशी प्रेमाचं काही बोलले असतील तर हे, आणि तेही माधवच्या तोंडून, पुस्तक समोर धरून. माझे बाबा इतके लाजाळू होते, हे मला ते गेल्यावर कळतंय, याचं फार वाईट वाटलं तिला.

पण आईला हे कळत होतं का? आई ऐकता ऐकता म्हणायची, "ते परत वाचा." बाबा परत वाचायचे, आणि ते थोडं वेगळं यायचं. मी ओरडायचे, "मघाशी असं नव्हतं!" बाबा म्हणायचे, "गप बस." आणि माझ्या पाठीला आईच्या हसण्याचा हादरा. शेंगांवर मान घालून किती तरी वेळ हसत राहायची ती.

"घेताय मग?" बद्रीनाथांनी विचारलं. "सांगितलं बरं का मी, शेवट वंगाळ हाय."

"घेते."

क्रांती चौकात सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा पुस्तक मांडीवर होतं आणि सुलेखाला धास्ती वाटत होती. छापलंय तसं वाचलं तर गणपती येणार, माधव जाणार, नलू बंधाऱ्यावर म्हातारी होणार, आणि आई पुन्हा व्हय-नायवर. आणि तसं नाही वाचलं तर? मला कुठं सुचतं? बाबांचं मला सगळं आठवतही नाही. साडी आठवते, चहा आठवतो, ते एक वाक्य आठवतं. मधलं सगळं समुद्रात.

उस्मानपुऱ्यातल्या घराच्या गॅलरीत दुपारचं ऊन आलं होतं. आई खुर्चीत शाल पांघरून.

"आणलं का?"

"आणलं."

"होडीचंच?"

"होडीचंच. ही बघ." आईनं होडीवरून हात फिरवला आणि पुस्तक परत दिलं.

सुलेखा वाचू लागली. पहिली पानं सोपी गेली. गाव, समुद्र, नलूचं घर, सगळं बाबांनीही असंच वाचलं असणार. आईचे डोळे मिटलेले, पण मान हलत होती. मग पान उलटलं आणि ओळीच्या सुरुवातीलाच गणपती. सुलेखाचं बोट तिथं थांबलं. तीस वर्षं वर्गात हेच शिकवत आले होते मी, बोट ओळीखाली, शब्द गाळायचा नाही, मनचं घालायचं नाही. तिनं चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"वाच की," आई म्हणाली.

"आई… यात पुढं जरा निराळं आहे. छापलंय तसं वाचू का?"

आईनं डोळे उघडले. उन्हाकडे तळवे करून बसली होती, ते तिनं मांडीवर घेतले.

"तुझा बाप कुठं पुस्तकात बघायचा," ती म्हणाली. "माझ्याकडं बघून वाचायचा त्यो."

सुलेखानं मान वर केली. हा चेहरा तिनं रोज पाहिला होता, ताप आहे का, जेवण झालंय का, औषध घेतलंय का ते बघायला. आता आई ऐकायला बसली होती आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलायच्या बेतात होतं. नलू दारात उभी होती. समुद्र होता. तिच्याकडे कोण येणार, कशासाठी येणार, काय म्हणणार, सुलेखाला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. भीती वाटत होती, पहिल्या दिवशी वर्गासमोर वाटली होती तशी, आणि तरीही मान खाली घालावीशी वाटेना.