सुरमईच्या पेटीतलं काळीज

मी एक जुनी निळी बर्फपेटी आहे, आणि मला मासळीचा वास येतो. मित्रांनो, नाक धरायचं तर आत्ताच धरा, कारण ही गोष्ट सांगताना मी फार खुशीत येते.

कारखान्यातलं मला गरम प्लास्टिक तेवढं आठवतं. १९९८ साली आचऱ्याच्या कृष्णाबाईंनी मला घेतलं. त्यांचे यजमान सत्यवान होडी घेऊन जात, आणि आलेली मासळी माझ्या पोटात बसून बाजाराला निघे. "पेटी बरी आसा, बर्फ धरता," असं कुणी म्हटलं की मी फुगायची. पुढे झाकणाला चीर गेली, दोरी आली आणि कौतुक आटलं.

मग सत्यवानांना दम लागू लागला. पाय सुजले. बसल्याशिवाय झोप येईना. "वय झाला, दम लागतलोच," म्हणून ते हसण्यावारी नेत. कृष्णाबाईंनी ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टर सुगंधा म्हणाल्या, "हृदयावर ताण आला की ते एक द्रव्य रक्तात सोडतं. ते मोजता येतं. तुमचा आकडा फार वर आहे. औषधांनी उतरला तर पुढचे दिवस बरे जाण्याची आशा धरू. नाही उतरला, तर होडीचं नाव काढायचं नाही."

"म्हणजे धक्क्यावरची भरतीची खूण," कृष्णाबाई म्हणाल्या.

"अगदी तशीच."

पावसाळाभर गोळ्या झाल्या. नारळी पुनव तोंडावर आली, सत्यवानांचे डोळे होडीकडे लागले. रक्त पुन्हा गोव्याच्या प्रयोगशाळेत थंडगार पाठवायचं होतं, आणि दवाखान्याचा डबा नेमका फुटलेला. कृष्णाबाईंनी मला पुढे केलं. मित्रांनो, माझा आनंद काय सांगू! आजवर बांगडे वाहिले, आता माणसाचं रक्त!

कृष्णाबाईंनी हौसेनं सगळं सुरमईसारखं केलं. खाली बर्फ, मध्ये रक्ताची नळी, वर बर्फ, आणि गारवा टिकावा म्हणून दोन मुठी खडेमीठ. एसटीच्या ड्रायव्हरकडे मला सोपवलं. मिठानं बर्फ असा काही कडक गार झाला की नळीतलं रक्त गोठलं. प्रयोगशाळेचा फोन आला, पेशी फुटल्या, मोजता येणार नाही.

कृष्णाबाई ओट्यावर मटकन बसल्या. सत्यवान म्हणाले, "मीठ लावलंस, आता फक्त तळूचा ऱ्हवला."

"तुमी गप ऱ्हवा," त्या म्हणाल्या, पण डोळ्यांना पदर लागलाच.

डॉक्टरांनी पुन्हा रक्त घेतलं. "थंड हवं, गोठलेलं नको. नळी बर्फाला टेकता कामा नये." कृष्णाबाईंनी मला चिंचेनं घासलं, नळीभोवती जुन्या लुगड्याची घडी केली, मीठ घरीच ठेवलं, आणि या खेपेला स्वतःच गाडीत बसल्या, मला मांडीवर घेऊन.

कंडक्टर नाक उडवत म्हणाला, "गे बाय, मासळी टपार ठेव."

"मासळी नाय रे. माझ्या घोवाचा काळीज आसा हेच्यात."

त्यानं तिकीट फाडून दिलं. खड्डा आला की कृष्णाबाई मला उचलून धरत. इतकं जपून मला कधी कुणी नेलं नव्हतं.

दोन दिवसांनी दवाखान्यात डॉक्टरांनी कागद वाचला आणि चष्मा काढला. "कृष्णाबाई, भरती उतरली. आकडा तिसऱ्या हिश्श्यावर आलाय. गोळ्या चालूच ठेवायच्या, जाळं ओढायचं नाही. पण सुकाणूवर बसू दे."

सत्यवानांनी बायकोकडे बघत नुसता मोठा श्वास घेतला, छाती भरून, एका दमात. तो श्वास ऐकूनच माझं चिरलेलं झाकण थरथरलं.

आता मी दवाखान्यातच असते. अंगावर लिहिलंय, 'मासळी ठेवू नये'. वास मात्र गेलेला नाही. मित्रांनो, चिरली म्हणून पेटी टाकू नका, आणि घरात कुणाला दम लागला, तर 'वय झालं' म्हणून त्यालाही बाजूला ठेवू नका. सकाळी कृष्णाबाई नवी पेटी घेऊन दारावरून जातात. एखादी ताजी सुरमई माझ्यासमोर धरतात आणि म्हणतात, "बघ गो, तेंच्या होडयेतली."