पुण्यवंताची गाडी

खरवईच्या मैदानात त्या रविवारी सकाळी एका मोटारीची आरती चालली होती. मोटार पांढरी, विजेवर चालणारी. आवाज नाही, धूर नाही. दारांच्या मुठीसुद्धा पत्र्यात लपलेल्या. पुण्यवान माणूस जवळ गेला की मुठी आपसूक बाहेर येत, दिवे लुकलुकत, बाजूचे आरसे कान टवकारावेत तसे उघडत. पापी गेला तर गाडी म्हणजे नुसता दगड. बायका गात होत्या:

पांढरं माझं वासरू, त्याला नाही दावं दोर
पुण्यवंताचं पाऊल, दार उघडी समोर

ओवी गोड होती. बायकांच्या गळ्याला खोटं गाता येत नाही, म्हणून तर खोटंही त्यांच्या गळ्यातून खरं वाटतं.

तेजनाथ महाराज खुर्चीत रेलून समजावत होते. “पेट्रोलच्या गाडीला पेट्रोलचा वास येतो. हिला पाप-पुण्याचा येतो. करंट आणि आत्मा एकच हो, बाळांनो. चार्जिंग? माझं ध्यान हेच चार्जिंग.” मठाच्या खिडकीतून गाडीपर्यंत वायर आलेली होती. तिच्यावर भगवं कापड पसरलं होतं.

रीत ठरलेली. जमिनीवर रांगोळीची रेघ. तिच्यापलीकडे एका वेळी एकानेच जायचं. सवाष्ण असेल तर मठातली गोदूमावशी आधी तिची ओटी भरी: घडी घातलेला खण, तांदूळ, नारळ, हळकुंड. दार उघडलं की ओटी महाराजांच्या पायाशी रिती करायची. पुरुषांच्या हातात खणात बांधलेला नारळ असे. तोही परत द्यायचा.

त्या दिवशी गर्दी होती ती भावनासाठी. तिचा नवरा कावीळ होऊन गेला होता. सासू सुंदराबाई सांगत फिरत होती की सुनेनेच त्याला खाल्ला. भावना अंबरनाथच्या एमआयडीसीत पॅकिंगला जायची आणि चार वर्षांच्या स्वप्नालीला वाढवायची. सासरे शंकरराव सगळ्यांसमोर बोलून बसले होते: गाडी उघडली तर सून नि नात घरात, नाही उघडली तर सुनेने एकटीनेच निघायचं, नात आमची.

भावना स्वतःच्या पायांनी आली होती. आपण काही केलेलं नाही हे तिला माहीत होतं, आणि गाडीवर तिचाही विश्वास होता.

विधवेची ओटी भरायचा प्रश्नच नव्हता. ती रिकाम्या हातांनी रेघ ओलांडून गेली. मुठी हलल्या नाहीत. तिने पुन्हा मागे येऊन पाऊल टाकलं. मग तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा हात दारावर ठेवला.

मोबाईलवर व्हिडिओ काढणारा गावातला कल्पेश म्हणाला, “वहिनी, लॉक म्हणजे लॉक.” लोक हसले.

महाराजांनी हसू जिरू दिलं. “कावीळ हे डॉक्टरांनी दिलेलं नाव. आमच्यात तिला बायको म्हणतात.”

लोक आणखी हसले. आजीच्या कडेवरची स्वप्नालीही हसली, कारण सगळे हसत होते.

सुंदराबाईला आता आपलं रक्त किती पुण्यवान ते दाखवायचं होतं. तिने लेकीला पुढे ढकललं. किर्ती उल्हासनगरला दिलेली, तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवणारी. गोदूमावशीने तिची ओटी भरली. ती चालू लागली तसं खणाच्या घडीतलं काहीतरी कठीण, चपटं तिच्या पोटाला लागलं. ते हळकुंड नव्हतं. गाडी लुकलुकली, मुठी बाहेर आल्या, शंख वाजला.

किर्ती महाराजांच्या पायांकडे गेली नाही. ती सरळ भावनापाशी आली. “वहिनी, पदर पसर.”

भर मैदानात तिने विधवेच्या पदरात आपली ओटी ओतली. शंख अर्ध्यात थांबला. “जा आता,” ती म्हणाली.

भावना गेली. गाडीने तिच्यासाठीही दिवे लुकलुकवले, आरसे उघडले, मुठी पुढे केल्या.

“किर्तीताईंच्या पुण्याचा अंश,” महाराज घाईने म्हणाले.

“हो का?” किर्तीने भावनाला रेघेअलीकडे आणून तिच्या पदरातला खण उलगडला. आत काळी, चपटी, बटणांची किल्ली होती. बाजूला पडलेली एक फाटकी चप्पल तिने घेतली, किल्ली तिच्यात खोचली आणि पायाने रेघेपलीकडे ढकलली. गाडीने चपलेचंही तितक्याच आदराने स्वागत केलं.

वर्गात सांगावं तसं तिने सांगितलं. गाडी आणि किल्ली एकमेकींना बिनतारी संदेश पाठवतात. किल्ली दोन पावलांवर आली की दार उघडतं, दूर गेली की बंद होतं. ती ओटीत आहे, खिशात आहे की चपलेत, गाडीला फरक पडत नाही. उघडणार कोणासाठी, ते गोदूमावशी ठरवते. “वहिनीसाठी तर तेवढीही लबाडी करावी लागली नाही. तिला रिकामी पाठवायची सोय आपणच करून ठेवलेली.”

चपलेसाठी उघडलेल्या दारातून महाराज गाडीत जाऊन बसले. पण तोवर किर्तीने किल्ली उचलून रेघेअलीकडे आणली होती, त्यामुळे गाडी सुरू होईना. कल्पेशने त्यांचाही व्हिडिओ काढला. “महाराज, जरा ध्यान लावा ना.”

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण सुंदराबाई लेकीवर धावून आली. “रांडमुंड बाईची ओटी भरलीस? माझ्या पोटची तू?” आणि महाराजांवर हसणारे तेच लोक गंभीर झाले. फसवलं गेल्यापेक्षा हे त्यांना जास्त लागलं.

शंकरराव थंडपणे म्हणाले, “गाडी खोटी ना? मग सुनेसाठी उघडली तेही खोटंच. पोरगी आमची.” दोघातिघांनी माना डोलावल्या.

“अप्पा, मग बंद राहिली तेही खोटंच,” किर्ती म्हणाली. “आईकडून लेकरू काढायला कारण लागतं. आईजवळ ठेवायला लागत नाही. तुमच्याजवळ कारण काय आहे?”

शंकररावांनी गाडीकडे पाहिलं. सवयीने.

भावनाने स्वप्नालीला ओढून घेतलं. सुंदराबाईने हात सोडला नाही. फ्रॉकची बाही उसवली, ती तिच्याच मुठीत राहिली. किर्तीने किल्ली पोलिसांत द्यायची म्हणून जवळ ठेवली, आणि तिघी रिक्षात बसून उल्हासनगरला गेल्या. त्या घराने त्यांना परत बोलावलं नाही.

मैदान रिकामं होत असताना एक म्हातारी गाडीजवळ गेली. मागच्या आठवड्यात गाडी तिच्यासाठी उघडली होती. सगळं ऐकूनही ती रिकाम्या हातांनी दारासमोर बराच वेळ उभी राहिली.

तिला हसू नका. आयुष्यात तिला कोणी पुण्यवान म्हटलं ते त्या एकाच दिवशी. माणूस ओळखायचं काम आपण टाळतो, म्हणून ते करायला असे महाराज येतात. यंत्राला माणूस कळत नाही. तुम्हाआम्हाला विचारपूस करून, शेजारी बसून कळू शकतो. पुढच्या वेळी कुठे चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी एवढंच बघा: रिकाम्या हातांनी कोणाला पुढे पाठवलं आहे.